खिडकीशी सांगावं लागतं

सकाळी सात वाजता नगरच्या तोफखाना भागातल्या निसळ डॉक्टरांच्या दवाखान्याची रस्त्याकडची खिडकी उघडली, आणि अर्ध्या तासाने तिच्यासमोर उभी राहून दया उजागरे हिने आपल्याला खोकला झाल्याचं सांगितलं. खोकला तिला नव्हता. सांगायला आली होती ती गोष्ट वेगळी होती, आणि रांगेत पुढे सरकता सरकता तिने ती मनात नीट मांडूनही ठेवली होती : गाठ आहे, डाव्या बाजूला, दुखत नाही. शाळेत मुलींना धडा द्यावा तशी तीन तुकड्यांत. पण तिच्या पुढे उभी असलेली रंगुबाई भाजीवाली खिडकीशी पोचली तेव्हा कंपौंडर मच्छिंद्रने गजांतून विचारलं, "काय होतंय?" आणि रंगुबाई म्हणाली, "प्वाट साफ न्हाई, चार दिस झालं." त्यावर मच्छिंद्रने खड्या आवाजात "पोट साफ नाही!" असं सगळ्या रस्त्याला ऐकवलं. तो आधी रेशनच्या दुकानात नावं पुकारायला होता, आणि नोकरी बदलली तरी गळा बदलला नव्हता. रांगेत हसू फुटलं. "मेल्या, दवंडी पिट की," रंगुबाई म्हणाली, "तुज्या सासऱ्यालाबी कळू दे." पुन्हा हसू. दयाच्या मागे कापडबाजारातला श्रीमंत शिंपी उभा होता. त्याची मुलगी तिच्या वर्गात होती. "बाई, तुम्ही पण?" असं तो मघाशी अदबीने म्हणाला होता आणि अदबीनेच दोन पावलं मागे सरकला होता, तरी त्याला सगळं नीट ऐकू येणार होतं. "काय होतंय, बाई?" मच्छिंद्रने विचारलं. तीन तुकड्यांतला एकही तिच्या हाती लागला नाही. "खोकला," ती म्हणाली. "खोकलाऽ! बाटली आणलीय का?" बाटली तिने आणली होती, कारण दवाखान्यात जाताना बाटली न्यायचीच असते. तिच्यात तांबडं मिक्श्चर पडलं, डोसाच्या खुणा कापलेली कागदाची पट्टी चिकटली. "तीन येळा घ्या. तेलकट बंद. व्हा म्होरं." आणि डॉक्टरांचं तोंडही न बघता ती रस्त्यावर आली.

नवी पद्धत अशी होती. खोकला, पडसं, खरूज, पोट असलं काही असेल तर औषध खिडकीतूनच मिळे. त्याहून वेगळं असेल त्याला नंबराचा पत्र्याचा बिल्ला मिळे आणि आत बाकावर बसता येई. लढाईच्या वर्षांत भिंगारला लष्कराचे डेपो वाढले, खेड्यांतून माणसं आली, आणि निसळांच्या ओसरीवर इतकी गर्दी होऊ लागली की ज्याचा आवाज मोठा तो आत जाई आणि ज्याला खरंच उभं राहवत नाही तो जोत्यावर बसून राही. एकदा दोघांची डोकी फुटली, आणि ती बांधायलाही तिथेच रांग लागली. मग डॉक्टरांनी भिंतीत खिडकी पाडून घेतली. गावाला ती पटली. दयालाही पटली होती. शिक्षकांच्या खोलीत तिने खिडकीची बाजूही घेतली होती : गरीब-श्रीमंत एका ओळीत उभे राहतात, ह्यात वाईट काय? तेव्हा तिला गाठ सापडलेली नव्हती. किंवा सापडली होती आणि तिने ती हाताखालून जाऊ दिली होती. न्हाणीघरात, अंगाला साबण लावताना, बोटं एका जागी क्षणभर थांबतात आणि पुढे जातात. दुसऱ्या दिवशी ती त्या जागेच्या अलीकडून वळतात. हात स्वतःच्या अंगावर अशी वाट चुकवायला शिकतात हे तिला ठाऊक नव्हतं.

पूर्वी हा प्रश्नच आला नसता. निसळांच्या घराला बोळात उघडणारं मागचं दार होतं, ते स्वयंपाकघराचं. बायका त्या दाराने जात. डॉक्टरांची बायको पुष्पावतीबाई चुलीपुढे पोळ्या लाटत असायची, तिच्याजवळ पाट ओढून बसायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, आणि मधेच, भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात, सांगायचं ते सांगायचं. पुष्पावतीबाई मान हलवायची, पोळी उलटायची. दुपारी ती नवऱ्याला सांगे, आणि दुसऱ्या दिवशी औषधाची पुडी दाराशी मिळे. दयाने निसळांच्या मुलीला मोडी आणि गणित शिकवलं होतं, त्यामुळे ते दार तिला चांगलं माहीत होतं. लग्नानंतरच्या वर्षांत तिला मूल राहत नव्हतं, आणि दोनदा राहून गेलं, ते सगळं तिने त्या पाटावर बसून सांगितलं होतं. पुष्पावतीबाईने तेव्हा काही विचारलं नव्हतं. एक गरम पोळी, तूप लावून, तिच्या हातावर ठेवली होती. ख्रिस्ताच्या माणसाने आपल्या चुलीपाशी बसलेलं त्या घरात कोणाला चालतं, कोणाला नाही, हे दोघींपैकी कोणी कधी काढलं नाही. खिडकी झाली त्याच सुमाराला ते दार बंद झालं. नवऱ्याने बायकोचा दरबार मोडला, असं गाव म्हणालं.

मिशनचं बायकांचं इस्पितळ दया राहत होती त्या ख्रिस्त गल्लीपासून पायी जाण्याइतकं जवळ होतं. तिथे गोऱ्या डॉक्टरीणबाई होत्या, पैसे पडत नसत. पण तिथे फाटकापासून ऑपरेशनच्या खोलीपर्यंत सगळी आपलीच माणसं. चुलतबहिणीची मरिया तिथे नर्स, पाळकांची भाची औषधं देणारी, आणि अर्ध्याअधिक पोरी दयाच्याच हाताखाली पाढे शिकून गेलेल्या. तिथे पदर खाली घ्यायचा म्हणजे रविवारी चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर तसंच बसायचं. म्हणून ती तोफखान्यात आली होती, परक्यांत. परक्यांत माणूस नागवं नसतं, असं तिला वाटलं होतं. खिडकीने ते परकेपण घेऊन टाकलं.

घरी दानीएलने बाटली उजेडात धरून बघितली. तो भिंगारच्या लष्करी डेपोत स्टोअरचा कारकून, वस्तू हातात आली की तिच्यावरचं लेबल आधी वाचणारा. "मला ऐकूच आला नाही गं तुझा खोकला," तो म्हणाला, "मी इतका गाढ झोपतो का?" त्याच्या बोलण्यात अपराध्यासारखं काहीतरी होतं, आणि ते तिला सोसवेना म्हणून ती खोकली. पहिल्यांदा खोटं खोकताना घसा आश्चर्याने आखडला. मग सवय झाली. दानीएल बाहेरून आला की एकदा, जेवताना एकदा. तो पट्टीवरच्या खुणेला खूण लावून डोस ओतायचा आणि ती तो घ्यायची. चव गोडसर, मागून कडू. शाळेतही ती खोकू लागली, कारण एका ठिकाणी खोकणाऱ्या बाईने दुसऱ्या ठिकाणी गप्प राहिलेलं दिसलं असतं. मुली सुंठ-गुळाच्या गोळ्या टेबलावर ठेवू लागल्या. बाटली संपली की ती पुन्हा रांगेत उभी राहायची, आज सांगू असं ठरवून, आणि मच्छिंद्र तिला बघताच गजांतून हात बाहेर काढायचा : "बाई, खोकला का? द्या बाटली." आता तिला खोटं बोलावंही लागत नव्हतं. तिच्या वतीने दुसरंच कोणी बोलत होतं.

अंगात जे होतं ते मात्र कोणाचं ऐकत नव्हतं. ते दुखत नव्हतं, आणि हेच तिला सगळ्यात वाईट वाटत होतं. दुखलं असतं तर कण्हता आलं असतं, दानीएलने विचारलं असतं. फळ्यावर लिहिताना ती उजवा हात वर करायची आणि डावा अंगाशी धरून ठेवायची. कधी वाटायचं ते लहान झालं आहे. त्या दिवशी ती मुलींना लवकर सोडायची. अशा वेळी तिला देवळालीचं घर आठवायचं, प्रवरेच्या बाजूचं, आणि त्या घरातली शेवटची खोली, जिच्यात रोझीआत्या होती. दया तेव्हा आठ-नऊ वर्षांची. रोझीआत्याला दमा आहे असं घरात म्हणत. गावात तेच सांगत, पाळक आले तरी तेच. दयाला आत पाठवत ते स्तोत्र वाचून दाखवायला, कारण तिचं वाचन स्पष्ट होतं. खोलीत कापूर जाळलेला असायचा, दाराला लिंबाचा पाला, आणि त्या दोन्ही वासांच्या खाली तिसरा वास, ज्याचं नाव कोणी घेत नसे. आत्या उशीला टेकून बसलेली, पदर गळ्याशी घट्ट. तिचा श्वास अगदी सरळ चालायचा. दम्याच्या माणसाचा तसा चालत नाही, हे मुलीच्याही लक्षात आलं होतं. एकदा वाचता वाचता तिने विचारलं, "आत्या, तुला दम लागत नाही?" आत्या हसली. फार गोड हसली. "लागतो की," ती म्हणाली, "तू बाहेर गेल्यावर लागतो." मग ती मेली, दम्याने, आणि मंडळीच्या स्मशानात पुरली गेली. आज चाळिशीला आलेल्या दयाला वाटायचं, आत्याच्या वेळी खिडकी नव्हती, रांग नव्हती, शिंपी नव्हता. तरी ती दमाच म्हणाली.

त्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी प्रार्थना संपता संपता पाळकांच्या बायकोने उठून सांगितलं की आपल्या दयाबाईंचा खोकला बरेच दिवस हटत नाही, तरी मंडळीने त्यांच्यासाठी विनंती करावी. सगळ्या माना खाली गेल्या. दानीएलची शेजारीच. त्याचे डोळे घट्ट मिटलेले, कपाळावर आठी, हिशेब जुळत नसला की पडते तशी. पाठीमागच्या बाकांवरून म्हाताऱ्या बायकांचं पुटपुटणं येत होतं आणि दया एकटीच डोळे उघडे ठेवून बसली होती. इतकी माणसं मनापासून मागत होती आणि भलतंच मागत होती. देवाने ऐकलं तर तो खोकला बरा करील. त्याला दुसरं काय ठाऊक? ह्या विचाराचं तिला हसू आलं, ते दाबताना ती खरोखर खोकली, आणि पुटपुटण्याचा आवाज दयाळूपणे वाढला. तेव्हा तिला भीती वाटली. आतापर्यंत लाज होती. भीती ही वेगळी वस्तू होती.

सोमवारी सकाळी ती रांगेत गेली नाही, बोळात गेली. मागच्या दाराची कडी बराच वेळ वाजवल्यावर पुष्पावतीबाईने एक फळी उघडली. मनगटापर्यंत पीठ, केस पांढरे झालेले. "दयाबाई," ती म्हणाली, "आत या म्हणत नाही. रागावू नका."

"वहिनी, माझं एकच आहे."

"प्रत्येकीचं एकच असतं." ती फळीला टेकली. "इतकी वर्षं एकेकीचं एकच ऐकलं. कुणाचं अंगावरून जातंय, कुणाच्या नवऱ्याने बाहेरून काय आणलंय. ती सांगून मोकळी व्हायची, औषध न्यायची, बरी व्हायची. माझ्याजवळ तेवढं राहायचं. हळदीकुंकवाला गेले की समोरच्या बाईचं तोंड दिसत नाही हो मला, तिचं दुखणं दिसतं. जेवण जात नाही. दार ह्यांनी नाही लावलं, मी लावलं. लोक ह्यांना नावं ठेवतात, ठेवू देत."

"मी कुणाजवळ सांगू मग?"

"ह्यांना सांगा. तोंडाने. तुम्ही मला थोडं सांगता, मी ह्यांना त्याहून थोडं सांगते. त्यात औषध कसलं देणार ते?" दयाच्या डाव्या हाताकडे, जो ती अंगाशी धरून होती, तिची नजर गेली आणि तिथेच राहिली. "सांगू नका मला," ती घाईने म्हणाली. "पण खिडकीशी जा. आत्ता जा." आणि फळी लागली. आत कडी घातल्याचा आवाज आला नाही. ती फळीमागे उभी असावी.

बोळातून रस्त्यावर यायला फार वेळ लागत नाही. ऊन नुकतं समोरच्या भिंतीवर उतरलं होतं. रांग लहान होती, पुढे दोन गडी, मागे कोणी येत होतं, तिने वळून पाहिलं नाही. खिडकीशी पोचताच गजांतून हात बाहेर आला. "बाई, बाटली." तिने बाटली दोन्ही हातांनी धरून ठेवली. "खोकला नाही," ती म्हणाली.

"मंग काय होतंय?"

"गाठ आहे."

"गाऽठ!" मच्छिंद्र म्हणाला, आणि त्याच सुरात, "कुठं?"

ह्या प्रश्नाचा तिने विचारच केला नव्हता. मानेला म्हणता आलं असतं. काखेत म्हणता आलं असतं, ते तर खऱ्याच्या जवळही होतं. तिला दिसलं की खोटं बोलायला प्रत्येक वेळी एक जागा सापडते, आणि ती जागा प्रत्येक वेळी पहिल्यापेक्षा सोयीची असते. "छातीत," ती म्हणाली. "छातीत!" मच्छिंद्रचा गळा त्याच्या आधी बोलून गेला. मग त्याला कळलं. त्याची मान कानांपर्यंत लाल झाली, तो खाली वाकून बिल्ले चाचपू लागला, तिथे समोरच असलेले. रस्ता थांबला नव्हता. एक टांगा गेला, कोणीतरी पानाची पिचकारी टाकली, गड्यांपैकी एकाने दुसऱ्याला तंबाखू मागितली. शब्द बाहेर पडून आपला आपण पडला होता, फुटला नव्हता. "आत बसा, बाई," मच्छिंद्र जवळजवळ कुजबुजला, "डाक्टर आठाला येत्यात. पयला नंबर तुमचा लावतो." "ओळीने लाव," ती म्हणाली. ती वळली तेव्हा मागे रंगुबाई उभी होती, डोक्यावर भाजीची पाटी. ह्या वेळी तिला थट्टा सुचली नाही. तिने पाटी उतरवून खाली ठेवली आणि दयाच्या पाठीवरून हात फिरवला. "लई दिस झालं का?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता, "म्या कुनाला न्हाई सांगत, बाई. आन घेते." ती शपथ अगदी खरी होती. तिचे डोळे भरले होते.

निसळ डॉक्टर उंच, खांद्यात वाकलेले. "कधीपासून?" "उन्हाळ्यापासून." "आणि आज आलात?" "महिन्यापूर्वी आले होते. खोकला म्हणून." ते खिडकीच्या बाजूला बघत राहिले. "बाटली भरून दिली त्याने?" "त्याची चूक नाही. मीच खोकला म्हणाले." "चूक नाही शोधत, बाई. पूर्वी ओरडणारे आत यायचे आणि तुमच्यासारख्या बसून राहायच्या. तुमच्यासाठी म्हणून खिडकी केली." त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग आतल्या दाराशी जाऊन हाक मारली, "अहो, जरा इकडे येता का?" पुष्पावतीबाई आली. तिने हात धुतले होते, पण नखांशी पीठ होतं. तिने दार लावलं, दयाच्या मागे येऊन उभी राहिली आणि तिचे दोन्ही खांदे धरले. डॉक्टरांची बोटं थंड होती आणि कुठलीच वाट चुकवत नव्हती. ती थेट गेली, थांबली, काखेत गेली, तिथेही थांबली. खांद्यांवरचे हात तेव्हा घट्ट झाले.

"कापल्याशिवाय सांगता येणार नाही," डॉक्टर हात पुसत म्हणाले. "साधी असेल. नसेलही. माझ्याकडे ती सोय नाही. मिशनच्या डॉक्टरीणबाईंचा हात चांगला आहे. मी आजच निरोप धाडतो, येत्या सोमवारी त्या करतील."

"तिथं सगळी आमची माणसं आहेत."

"मग बरंच की," डॉक्टर म्हणाले. पुष्पावतीबाईने त्यांच्याकडे पाहिलं.

दया शाळेत गेली. तिने भूगोल शिकवला, नद्या शिकवल्या. "बाई, आज खोकला नाही?" पुढच्या बाकावरून एकीने विचारलं, आणि दयाला आठवलं की खोकायचं राहून गेलं. मधल्या सुट्टीत तिच्या लक्षात आलं की रंगुबाईची पाटी ह्या वेळेला रोज कुठे असते. तोफखान्यातून निघालं की माळीवाडा, आणि दुपारी ख्रिस्त गल्ली. पाटी उतरवायची, कोणीतरी विचारायचं आज उशीर का, आणि रंगुबाईला खोटं बोलणं जमत नसे. ती एकीलाच सांगेल, तेही डोळे पुसत, आन घालून. ती एकजण दुसरीला आन घालील. संध्याकाळी दानीएल सायकलवरून गल्लीत वळला की ओट्यावरून कोणी उठेल आणि मायेनेच म्हणेल, कसं आहे आता दयाबाईंचं? आणि तो म्हणेल, बराय की खोकला. हे वाक्य त्याच्या तोंडून, त्याच्या त्या भोळ्या सुरात, तिला इतकं स्पष्ट ऐकू आलं की ती खुर्चीवरून उठली. अनोळखी रस्त्याला सांगितलं, कंपौंडरला, भाजीवालीला सांगितलं. राहिलं तर एकच माणूस, जो महिनाभर पट्टीच्या खुणा बघून तिला डोस पाजत होता.

शाळा सुटल्यावर ती घराकडे वळली नाही. भिंगारचा रस्ता तिने धरला. लष्कराचे ट्रक धूळ उडवत गेले, कडेच्या लिंबांवर ती धूळ बसली. डेपोच्या फाटकाशी ती आजवर कधी आली नव्हती. दारावरच्या शिपायाने विचारलं, "कोण पाहिजे?" तिने नाव सांगितलं. "सुटी व्हायचीय. तिकडं सावलीला उभं ऱ्हा." ती उभी राहिली. सुरुवात कुठून करावी ते तिने ठरवलं नव्हतं. ह्या वेळी तिला मांडून ठेवायचं नव्हतं.

साडेपाचला भोंगा झाला. आधी गडी बाहेर पडले, मग सुतार, मग सायकली हातात धरून कारकून. नगरकडून, उलट्या दिशेने, रात्रपाळीची माणसं येऊ लागली. त्यांत दया-दानीएलच्याच गल्लीतला शांतवन होता, समोरासमोर दार असलेला, दुपारभर घरीच असणारा. तिला बघून त्याने सायकल हळू केली, एक पाय जमिनीला टेकला. त्याचं तोंड उघडलं. मग त्याने नजर खाली घेतली, डोक्यावरची टोपी उगाच सारखी केली, आणि सायकल ढकलत फाटकातून आत गेला, स्टोअरच्या बाजूला. दयाने मान उंच करून पाहिलं. स्टोअरचे कारकून एकेक करून बाहेर येत होते. दानीएल अजून बाहेर आला नव्हता.